पार्कातलं कायमचं ओरिएंटियरिंग: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि आपल्या पार्कात कोर्स उभा करायचाय त्यांच्यासाठीपण

यूकेत राहायला आलं की थोड्याच दिवसांत कळतं की घराजवळ एखादं मोठं पार्क असतंच, आणि आपण तिथे जाऊन करतो काय तर तळ्याला एक फेरी, बदकं बघायची, मुलांना झोक्यावर बसवायचं, कॅफेत चहा की घरी. त्याच पार्कात बऱ्याचदा एक अख्खा खेळ मांडून ठेवलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. वाटेच्या कडेला कमरेएवढा लाकडी खांब, त्यावर छोटी लाल-पांढरी चौकोनी पट्टी, पट्टीवर एक नंबर आणि एक इंग्रजी अक्षर, असं कधी दिसलंय का? बहुतेकांना ते गॅसच्या नाहीतर पाण्याच्या लाइनीचं काहीतरी वाटतं. तो ओरिएंटियरिंगचा कंट्रोल असतो, आणि असे दहा-वीस-तीस कंट्रोल एका पार्कात पेरून ठेवले आणि त्यांचा नकाशा केला की झाला कायमचा कोर्स, ज्याला इथे पीओसी, म्हणजे परमनंट ओरिएंटियरिंग कोर्स, म्हणतात.

थोडक्यात खेळ असा: हातात नकाशा, नकाशावर जांभळे गोल, प्रत्येक गोलाच्या बरोब्बर मध्यावर जमिनीवर एक खांब. नकाशा वाचत तिथे पोचायचं, पट्टीवरचं अक्षर लिहून घ्यायचं की पुढचा. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, रजिस्ट्रेशन नाही. क्लबच्या रविवारच्या इव्हेंटला जायचं म्हणजे आधी नाव द्या, इलेक्ट्रॉनिक चिप भाड्याने घ्या, सगळे टाइट पँटवाले पळतायत आणि आपण जॅकेट घालून उभे, तसलं अवघडलेपण इथे नाही. मंगळवारी दुपारी गेलात तरी चालतं, दोन तास लावलेत तरी विचारायला कोणी येत नाही.

खेळ मूळचा स्वीडन-नॉर्वेचा, तिकडच्या सैन्यातला, आणि १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर नावाच्या स्काउट लीडरने स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा घेतली तिथून तो साध्या लोकांत पसरला. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय फेडरेशन झालं आणि नकाशाच्या खुणा सगळीकडे एकसारख्या ठरवल्या गेल्या, हे आपल्या फायद्याचं आहे, कारण लेस्टरच्या पार्कात शिकलेला नकाशा मेलबर्नला चुलत भावाकडे गेल्यावरपण वाचता येतो. बाकी इतिहास नंतर वाचा.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खाली जे सगळं लिहिलंय ते त्यातूनच येतं. खांब शोधायचा नसतो, जागा शोधायची असते. खांब फक्त तुम्ही बरोबर आलात याची पावती आहे. जे लोक मान वर करून "कुठे दिसतोय का लाल-पांढरं" करत फिरतात ते दमतात, कंटाळतात आणि परत येत नाहीत.

नकाशा मिळवणं आणि प्रिंट काढणं

आधी आपल्या भागातला कोर्स शोधा. "परमनंट ओरिएंटियरिंग कोर्स" आणि गावाचं नाव टाकून सर्च केलंत की लोकल क्लबचं नाहीतर काउन्सिलचं पान येतं. ब्रिटिश ओरिएंटियरिंग ही इथली राष्ट्रीय संस्था, तिच्या गो ओरिएंटियरिंग नावाच्या साइटवर देशभरातले कोर्स आहेत. बऱ्याच ठिकाणी पीडीएफ फुकट मिळते, काही ठिकाणी पार्कच्या कॅफेत किंवा व्हिजिटर सेंटरला एक-दोन पाउंडात छापील नकाशा मिळतो. छापील मिळत असेल तर सरळ तो घ्या, कागद चांगला असतो.

घरी प्रिंट काढणार असाल तर दोन गोष्टी. एक, रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्या प्रिंटचा इथे शून्य उपयोग आहे कारण अर्धी माहिती रंगात असते. दोन, प्रिंट सेटिंगमध्ये "फिट टू पेज" असेल ते काढून १०० टक्के करा. नाहीतर नकाशा थोडासा आकसतो, डोळ्याला कळतपण नाही, आणि मग तुम्ही १:५००० धरून अंतर मोजता आणि सगळं पाच-दहा टक्क्यांनी चुकत राहतं. प्रिंट आली की खालच्या स्केलच्या पट्टीवर फूटपट्टी ठेवून बघा, १:५००० मध्ये १०० मीटर म्हणजे २ सेंमी यायलाच पाहिजे. मग कागद प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घाला, तेच आपले फाइलला लावतो ते. इथल्या पावसाचा भरवसा काय द्यायचा.

नकाशा किती जुना आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेवढं बघून ठेवा. सात-आठ वर्षांपूर्वीचा असेल तर एखादी वाट बुजलेली किंवा नवीन कुंपण आलेलं असणार, त्यात नकाशाचा दोष नाही आणि तुमचापण नाही.

रंग: इथे सगळे गडबडतात

गूगल मॅप्समुळे आपल्याला हिरवं म्हणजे झाडी असं पाठ झालेलं असतं. ओरिएंटियरिंगच्या नकाशात झाडी पांढरी असते. हो, पांढरी. पांढरं म्हणजे असं जंगल ज्यात आरामात पळता येतं. हिरवा रंग येतो तो झाडोरा दाट झाला की, फिक्कट हिरवा म्हणजे पळणं अवघड, मध्यम हिरवा म्हणजे चालणंपण कटकटीचं आणि गडद हिरवा म्हणजे काटे, ब्रॅम्बल, घुसूच नका. पिवळा म्हणजे मोकळी जमीन, गवत, मैदान. निळं पाणी. तपकिरी रेघा उंचीच्या, म्हणजे काँटूर. काळं म्हणजे वाटा, कुंपणं, इमारती, दगड. शेवाळी-खाकी हिरवा दिसला की तिथे जायचं नाही, कोणाचं तरी घर-बाग असतं. जांभळं ते सगळं कोर्सचं: त्रिकोण म्हणजे स्टार्ट, गोल म्हणजे कंट्रोल, गोलात गोल म्हणजे फिनिश.

शाळा-कॉलेजात एनसीसी केलेले असतील त्यांना काँटूर वगैरे आठवेल, पण तिथले नकाशे १:५०,००० चे असायचे, अख्खा तालुका एका कागदावर. इथे १:५००० म्हणजे १ सेंमीला ५० मीटर, बाक, एकटं उभं झाड, पायऱ्या, पाण्याची नाली, सगळं काढलेलं असतं. सुरुवातीला हे फार गर्दीचं वाटतं. पहिली पाच मिनिटं स्टार्टला, बहुतेक कार पार्क किंवा कॅफेपाशी असतो, तिथे उभं राहून नुसतं जुळवा: हे काळं म्हणजे ही टॉयलेटची इमारत, हा पिवळा म्हणजे हे क्रिकेटचं मैदान, ही तुटक रेघ म्हणजे ही वाट. एकदा ते जुळलं की नकाशा बोलायला लागतो.

नकाशा फिरवा

आता सगळ्यात महत्त्वाचं. नकाशा आपल्या अंगाशी सरळ धरायचा नाही, जमिनीशी सरळ धरायचा. तुम्ही वळलात की नकाशापण हातात फिरला पाहिजे, अक्षरं उलटी दिसली तरी दिसू देत. तुम्ही दक्षिणेला चाललाय तर नकाशाचा वरचा भाग तुमच्या पोटाकडे येणार, मग नकाशावर उजवीकडे दिसणारं तळं खरंच तुमच्या उजव्या हाताला असतं. आपल्याला पुस्तक सरळ धरायची इतकी सवय असते की हात आपोआप नकाशा परत सरळ करतो आणि मग डावं-उजवं उलटं होऊन माणूस भलत्या वाटेला लागतो. मुलांना हे पटकन जमतं, मोठ्यांनाच मेहनत घ्यावी लागते.

कंपासचं काम पहिल्या काही वेळा एवढंच: नकाशावर ठेवायचा, आणि सुईचं लाल टोक नकाशाच्या वरच्या बाजूकडे, उत्तरेच्या रेघांना समांतर होईपर्यंत स्वतः गोल फिरायचं. झालं, नकाशा लागला. डिग्र्या, बेअरिंग, डिक्लिनेशन हे काही नको. या नकाशांवरच्या उत्तरेच्या रेघा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, त्यामुळे बेरीज-वजाबाकी लागतच नाही. (तसाही इंग्लंडमध्ये खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक सध्या किरकोळ आहे, नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्रॅव्हर्सला खरी उत्तर, ग्रिडची (नकाशावरच्या चौकटींच्या रेघांची) उत्तर आणि चुंबकीय उत्तर तिन्ही एका रेषेत आल्या होत्या, त्याची बातमीपण झाली होती.)

साधा बेसप्लेट कंपास, म्हणजे पारदर्शक सपाट पट्टीवर बसवलेला, दहा-पंधरा पाउंडात मिळतो. भारतातून आणलेला कंपास असेल तर एकदा तपासून घ्या, कारण सुईचा तोल त्या-त्या भागातल्या चुंबकीय झुकावाप्रमाणे केलेला असतो आणि तिकडचा कंपास इकडे आणला की सुईचं उत्तरेचं टोक खाली झुकून तळाला घासू शकतं, मग ती अडखळत फिरते. आणि फोन त्याच हातात धरू नका, विशेषतः मॅग्नेटवालं कव्हर असेल तर सुई फोनकडेच बघत बसते.

दुसरी सवय म्हणजे अंगठा. नकाशा छोटा घडी करा आणि आपण आत्ता जिथे आहोत तिथे अंगठ्याचं टोक ठेवा, पुढे गेलो की अंगठा पुढे सरकवा. दर वेळी नकाशाकडे बघितल्यावर "मी कुठाय" शोधायला लागत नाही. ऐकायला बाळबोध वाटतं, पण स्पर्धेत पळणारेपण हेच करतात.

एक कंट्रोल सावकाश करून बघू

समजा १:५००० चा नकाशा आहे, आपण ४ नंबरवर उभे आहोत, ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी. जायचंय ९ नंबरला, वर्णन लिहिलंय "कुंपणाचा कोपरा". नकाशावर अंतर ३.२ सेंमी, म्हणजे सरळ रेषेत १६० मीटर. सरळ जावं तर मधे गडद हिरवा पट्टा, तो बाद. मग काय दिसतंय? ओढ्याच्या कडेने एक वाट उजवीकडे जाते, पुढे तिला दुसरी वाट मिळते, तिथे एक बाक दाखवलाय. त्या तिठ्यापासून कुंपणाचा कोपरा ४० मीटरवर, मधे पांढरं, म्हणजे मोकळं जंगल. तर प्लॅन असा: पाणी डाव्या हाताला ठेवत तिठ्यापर्यंत बिनधास्त चाला, तिथे थांबा, नकाशा लावा, आणि मग पावलं मोजत ४० मीटर आत.

आपण गावाकडे पत्ता कसा सांगतो? "मारुतीच्या देवळापर्यंत या, तिथून गिरणीच्या बाजूची गल्ली, तिसरं घर." कोणी सांगत नाही की तुमच्या घरापासून ईशान्येला ७०० मीटर. हे तेच आहे. ओढा, कुंपण, भिंत, वाट, ज्याच्या कडेकडेने जाता येतं त्याला हे लोक हँडरेल म्हणतात. तिठ्यावरचा बाक म्हणजे अटॅक पॉइंट, आपलं मारुतीचं देऊळ, जे चुकूच शकत नाही आणि जिथून पुढचं थोडंसंच राहतं. आणि तिसरं एक बघून ठेवायचं, समजा चुकून पुढे गेलो तर काय लागेल. आपल्या उदाहरणात कुंपणापलीकडे मोठा डांबरी रस्ता आहे असं धरा, म्हणजे रस्ता दिसला की समजायचं जास्त आलो, मागे फिरा. याला कॅचिंग फीचर म्हणतात. मोठमोठी नावं आहेत पण प्रत्येक कंट्रोलला निघायच्या आधी हे तीन प्रश्न: कशाच्या कडेने जाऊ, शेवटचं पक्कं ठिकाण कुठलं, आणि हुकलं तर काय लागेल.

पावलांचं: सपाट वाटेवर १०० मीटर मोजून घ्या (फुटबॉलच्या मैदानाची लांबी साधारण तेवढीच असते) आणि फक्त उजवा पाय मोजा. चालताना बहुतेकांचे साठ ते सत्तरच्या मधे कुठेतरी येतात. झाडीत आणि चढावर थोडे जास्त.

पोचलात की पट्टीवरचा नंबर आपल्या नकाशातलाच आहे ना ते बघा, मगच अक्षर लिहा. एकाच पार्कात तीस खांब असतात, जवळचा भलताच खांब सापडणं अगदी नेहमीचं आहे. काही कोर्सवर क्यूआर कोडपण असतो, तो कुठल्या अॅपने स्कॅन करायचा ते नकाशावर लिहिलेलं असतं. मॅपरन नावाचं फुकट अॅप आहे, ते जीपीएसवर चालतं, कंट्रोलच्या जागी पोचलात की फोन आवाज करतो, खांब नसला तरी. सोयीचं आहे, पण माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी नको. फोन खिशातून बाहेर आला की माणूस फोनच बघतो.

हरवलात तर? पार्कच आहे, कुत्रा फिरवणाऱ्या आजी दर दहा मिनिटांनी भेटतात. पण न विचारता जमवायचं असेल तर जागच्या जागी गोल-गोल फिरू नका, शेवटचं जे पक्कं माहीत होतं तिथे परत जा. दोन मिनिटं जातात, पण वीस वाचतात.

आणि खांब सापडलाच नाही, जागा मात्र शंभर टक्के बरोबर वाटतेय, तर तो खरंच नसू शकतो. खांब कुजतात, पट्ट्या चोरीला जातात, पोरं उपटून टाकतात. फोटो काढा, नकाशावर दिलेल्या ईमेलवर पाठवा आणि पुढे चला. हे नक्की करा, क्लबवाल्यांना बऱ्याचदा आपल्यासारख्यांकडूनच कळतं.

कोणता कोर्स, कोणासोबत

नकाशावर बहुतेक वेळा सोपा-मध्यम-अवघड असे दोन-तीन मार्ग सुचवलेले असतात. इथे रंगांची भाषा आहे, व्हाइट सगळ्यात सोपा, मग येलो, मग ऑरेंज आणि पुढे. व्हाइटमध्ये सगळं वाटेवरूनच, येलोत वाट, कुंपण अशा रेषांच्या कडेने, ऑरेंजपासून वाट सोडून आत शिरावं लागतं. पहिल्यांदा मोठ्या माणसानेसुद्धा व्हाइट नाहीतर येलोच करावा, त्यात कमीपणा काही नाही. अंतर लिहिलेलं असतं ते सरळ रेषेतलं, प्रत्यक्षात चालणं त्याच्या सव्वा ते दीडपट धरा. कुठलाच मार्ग दिला नसेल तर स्वतः पाच-सहा जवळचे कंट्रोल निवडा. सगळे तीस एका दिवसात करायच्या मागे लागू नका, विशेषतः मुलं सोबत असतील तर.

मुलं असतील तर नकाशा त्यांच्या हातात. हे बोलायला सोपं आहे, करायला महाकठीण, कारण ते चुकीच्या वाटेला लागलेले दिसत असतात आणि तोंड बंद ठेवायचं असतं. थोडं जाऊ द्या, मग विचारा, "आत्ता आपल्या डाव्या बाजूला काय असायला पाहिजे?" बस. दोन मुलं असतील तर एक कंट्रोल एकाचा, पुढचा दुसऱ्याचा, नाहीतर भांडणं.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांनापण न्या. घरात बसून त्यांना कंटाळा येतो आणि एकटं बाहेर पडायची भीती वाटते, अशात पार्कातला व्हाइट कोर्स झकास. बऱ्याचशा वाटा सपाट असतात, बाक असतात, आणि खुणांवरून जागा ओळखण्यात ती पिढी आपल्यापेक्षा कितीतरी तयार आहे. फक्त बूट चांगले द्या, चिखल असतोच.

कपड्यांचं: फुल पँट. उन्हाळ्यातसुद्धा. नेटल लागलं की खाज सुटते आणि ब्रॅकनमध्ये, ते उंच नेच्यासारखं असतं त्यात, टिक म्हणजे गोचीड असतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघून घ्या, चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. नंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लालसर वर्तुळ दिसलं तर जीपीला दाखवा, लाइम डिसीज असू शकतो. हिवाळ्यात वेळेचं भान ठेवा, डिसेंबरात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि उत्तरेला त्याहून लवकर, जेवून दोनला निघालात तर फार काही होत नाही.

आता आपल्या पार्कात कोर्स उभा करायचा असेल तर

दोन-चार पार्कं झाली की हा किडा चावतोच, आपल्या इथे का नाही. करता येतं, पण क्रम उलटा करू नका. लोक खांबापासून सुरुवात करतात. खांब सगळ्यात शेवटी.

पहिलं, जमीन कोणाची ते शोधा. काउन्सिल, फॉरेस्ट्री इंग्लंड, नॅशनल ट्रस्ट, वुडलँड ट्रस्ट, कोणीही असू शकतं, आणि परवानगी लेखी घ्या. जागा एसएसएसआय असेल, म्हणजे निसर्गासाठी राखीव, तर नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्ग-संस्थेची संमती लागते. जुनी गढी, तट, थडगी असलं काही संरक्षित असेल तिथे खड्डा खणायचा विचारपण नको. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ, तेव्हा कुठल्या भागात लोक गेलेले नको आहेत ते पार्कच्या रेंजरला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. रेंजरशी दोस्ती ही या कामातली अर्धी लढाई आहे.

दुसरं, लोकल क्लबला गाठा. एक तर त्यांच्याकडे त्या पार्कचा नकाशा आधीच असण्याची बरीच शक्यता असते, आणि एक नकाशा नव्याने करायचा म्हणजे जाणकार माणसाचे कित्येक दिवस जातात. दुसरं म्हणजे इन्शुरन्स, कोर्स तपासणारी अनुभवी माणसं, हे सगळं तिथून येतं.

नकाशा नसेलच तर छोट्या, साध्या पार्कासाठी ओपनओरिएंटियरिंगमॅप नावाचं फुकट साधन वेबवर आहे, ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या फुकट नकाशाच्या माहितीवरून त्या शैलीचा नकाशा बनवून देतं. शाळेच्या मैदानाला, मोकळ्या पार्काला पुरतं. झाडी असेल तर मात्र प्रत्यक्ष फिरून काढायला लागतो, त्यासाठी ओपनओरिएंटियरिंग मॅपर फुकट आहे, टॅब्लेटवर घेऊन पार्कात फिरता येतं. इंग्लंडचा लायडार डेटापण, म्हणजे विमानातून लेसरने मोजलेल्या उंचीची माहिती, फुकट मिळतो, त्यावरून काँटूर छान निघतात. गोल-त्रिकोण टाकायला पर्पल पेन, तेही फुकट. नकाशावर कोणाची माहिती वापरली ते लिहायला विसरू नका.

तिसरं, जागा निवडणं, आणि यात मजा आहे. प्रत्येक कंट्रोल नकाशावर काढलेल्या एखाद्या खुणेवर हवा: वाटांचा तिठा, कुंपणाचा कोपरा, पूल, खड्डा, टेकाड, तळ्याचं टोक. "छान जागा आहे" हे कारण नाही. आणि लपवायचा नाही! नवीन लोकांना वाटतं झुडपामागे ठेवला की चॅलेंज वाढतं. चॅलेंज जागेपर्यंत पोचण्यात आहे, जागेवर आलेल्या माणसाला खांब लगेच दिसला पाहिजे. नाहीतर तो झुडपं तुडवत फिरणार आणि रेंजर तुम्हाला फोन करणार. जवळजवळ सारख्या दोन खुणांवर, म्हणजे शेजारशेजारचे दोन खड्डे वगैरे, दोन कंट्रोल टाकू नका. मोठा रस्ता, खोल पाणी, विजेचं काही याच्यापासून लांब. आणि काही कंट्रोल तरी असे ठेवा की बाबागाडी आणि व्हीलचेअर तिथपर्यंत जाईल.

ऋतूचं लक्षात ठेवा. जागा बघायला लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात कारण तेव्हा सगळं मोकळं दिसतं, आणि ऑगस्टमध्ये तिथेच छातीएवढं ब्रॅकन उभं असतं, खांब गायब. म्हणून एकदा भर उन्हाळ्यात फिरून मगच यादी पक्की करा. पंधरा-वीस कंट्रोल भरपूर झाले. तिसाचा मोह होतो, पण प्रत्येक खांब म्हणजे पुढची कित्येक वर्षं एक काम.

चौथं, खांब ठोकायच्या आधी त्या जागी नुसती रिबन बांधा आणि ज्याने हा नकाशा कधी पाहिला नाही अशा माणसाला एकट्याला पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका, गेलात तर मान डोलावून मदत कराल. तो जिथे अडकेल तिथे चूक तुमची, जागा बदला नाहीतर नकाशा सुधारा.

आता खांब. जिथे आधीच काही आहे, पुलाचा कठडा, कुंपणाचा खांब, माहितीचा बोर्ड, तिथे मालकाला विचारून नुसती पट्टी स्क्रूने बसवा, खड्डाच नको. झाडाला खिळा कधीही नाही. नवीन खांब लागेलच तिथे ट्रीट केलेलं लाकूड, चार इंची चौकोनी, दीड मीटरचा घेतला तर त्यातला साधारण तिसरा भाग जमिनीत. खणण्याआधी खालून गॅस, वीज, पाणी जातं का ते पार्कच्या ऑफिसकडून लेखी विचारून घ्या. पटकन सुकणारं काँक्रीट काही ठिकाणी चालतं, काही रेंजरना अजिबात चालत नाही, मग माती घट्ट ठोकून भरा. खांबाचा माथा थोडा तिरका कापला की पाणी साचत नाही, कमी कुजतो. स्क्रू असे घ्या जे साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत.

पट्टीवर नंबर आणि अक्षर. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ होतो म्हणून ओ आणि आय टाळा. काही जण अक्षरं अशी लावतात की शेवटी एखादा शब्द तयार होतो, मुलांना मजा वाटते खरी पण चार अक्षरं मिळाली की हुशार पोरगं उरलेला शब्द ओळखून आइस्क्रीम मागतं. मी तर विस्कळीतच ठेवीन.

पीडीएफच्या मागच्या बाजूला रंगांची आणि खुणांची यादी, कंट्रोलची वर्णनं साध्या शब्दांत, पार्किंग कुठे, टॉयलेट कुठे, काही बिघडलं तर कुणाला कळवायचं. ईमेल एका माणसाचा नको, क्लबचा किंवा काउन्सिलचा हवा, माणसं गाव बदलतात आणि मग वर्षानुवर्षं तक्रारी कुठेतरी हवेत जातात. उत्तरं वेगळ्या पानावर.

शेवटचं म्हणजे देखभाल, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कोर्स इथेच मरतात. उद्घाटनाला काउन्सिलर येतात, फोटो होतात, दोन वर्षांनी सहा खांब आडवे आणि आलेला माणूस वैतागून जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवा की वर्षातून दोनदा, एकदा वसंतात आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, कोणीतरी सगळे खांब फिरून येणार. पिशवीत छोटी कात्री झुडपांसाठी, दोन-तीन जास्तीच्या पट्ट्या, स्क्रू, आणि पुसायला फडकं, कारण पट्ट्यांवर हिरवं शेवाळ चढतं आणि अक्षर वाचताच येत नाही. पट्ट्या बनवतानाच पाच-सहा कोऱ्या जास्तीच्या करून घ्या, नंतर एकेक करायला गेलं की भाव दुप्पट. एखादा खांब गेला आणि लगेच बसवता येणार नसेल तर पीडीएफमधून तो गोल त्याच दिवशी काढा, वरची तारीख बदला आणि कॅफेतले जुने छापील नकाशे उचलून आणा.